मन भटकतं म्हणून तसबीह सोडू नकोस

प्रश्न : आपा, सलाम. माझं माहेर चिपळूणचं. लग्न होऊन वडोदऱ्यात, तांदळज्यात आले. पाच महिन्यांचा मुलगा आहे, घरी बसून साड्यांना फॉल-पिको करते. नमाजनंतर तसबीह, म्हणजे जपाची माळ, घेऊन बसते, पण ३३ पुरे व्हायच्या आत मन दुधाच्या बाटलीवर, मशीनवर नाहीतर माहेरी जातं. गणती चुकते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते आणि शेवटी चिडून उठते. मिस्टर म्हणतात, ध्यान नसेल तर नुसते ओठ हलवून काय उपयोग? सासूबाईंचं दुसरंच. त्या हजारांनी पढतात आणि माझा आकडा विचारतात. जिक्र, म्हणजे अल्लाहचं स्मरण, मोठ्याने करावं की मनात, यावरही दोघांचं वाजतं. गेल्या महिन्यात घरी आयत-ए-करीमाचा सवा लाखाचा खत्म होता, म्हणजे ती आयत सगळ्यांनी मिळून सवा लाख वेळा पढायची. माझ्यापुढच्या गणतीच्या काही बिया मी न पढताच सरकवल्या. कुणाला कळलं नाही, पण तेव्हापासून मन खातंय. बाळंतपणानंतर चाळीस दिवस तसबीहला हात लावू नको असं सांगितलं होतं, तिथेच माझी सवय मोडली. समोरच्या मराठी काकू म्हणतात, आम्ही नाम घेतो तेच हे. ते खरं का? आणि मी अल्लाहशी मराठीत बोलले तर चालतं का? हल्ली उगाचच रडू येतं. जिक्रने मन शांत होतं म्हणतात, माझं होत नाही. माझ्या ईमानमध्येच, श्रद्धेतच खोट आहे का?

वालेकुम अस्सलाम, बाळ.

तू शेवटी विचारलंस ते आधी घेते. ईमानमध्ये खोट असलेली बाई न पढलेल्या चार बियांपायी महिनाभर जीव जाळत बसत नाही. तू दमली आहेस. त्यात घरातल्या दोन मोठ्या माणसांनी जिक्रला परीक्षेचा पेपर करून टाकलंय. एकाने ध्यानाचे मार्क धरलेत, दुसरीने संख्येचे, आणि दोन्हीकडे नापास होतेय ती तू.

तुझ्या मांडीवर लेकरू आहे, म्हणून बीबी फातिमांची गोष्ट तुला पुरती सांगते. बयानात, म्हणजे प्रवचनात, ती बहुतेक वेळा घाईत उरकली जाते. पैगंबरांची लेक, पण घरात कामाला माणूस नाही. जातं ओढून ओढून हातांना घट्टे पडले होते, पाण्याच्या मशकीचे वळ गळ्यापाशी उमटले होते. वडिलांकडे युद्धातले कैदी आलेत असं कळल्यावर कामाला एखादं माणूस मागावं म्हणून त्या गेल्या. ते घरी नव्हते. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशांकडे निरोप ठेवून परत आल्या. रात्री नवरा-बायको अंथरुणावर पडली असताना नबी करीम (स.) स्वतः आले. दोघं उठायला लागली तर म्हणाले, राहू द्या, उठू नका. आणि दोघांच्या मध्ये बसले. फातिमांचे पती हजरत अली सांगतात, नबींच्या पावलांचा गारवा मला छातीशी जाणवला. मग म्हणाले, तुम्ही मागितलंत त्याहून चांगलं सांगू का? निजायला जाल तेव्हा ३४ वेळा अल्लाहु अकबर, ३३ वेळा सुभानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह म्हणत जा. बुखारी आणि मुस्लिम, पैगंबरांच्या वचना-आठवणींच्या या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. हजरत अली पुढे सांगत की त्या दिवसापासून मी हे कधी चुकवलं नाही. कुणीतरी विचारलं, सिफ्फीनच्या रात्रीही नाही? ६५७ सालची ती भयंकर लढाई. ते म्हणाले, सिफ्फीनच्या रात्रीही नाही.

आता बघ, ही तसबीह कुणाला दिली? दिवसभर राबून हात दुखत होते अशा एका तरुण बाईला. कुठे म्हणायला दिली? अंथरुणात. मुसल्ला (नमाजची चटई) पसर, एकांत शोध, आधी मन निर्मळ कर, अशी एकही अट तिला घातली नाही. सगळं मिळून शंभर, सावकाश म्हटलं तरी चार-पाच मिनिटांत होतं. आपण ज्याला तसबीह-ए-फातिमा म्हणतो ती अशी दमलेल्या बाईच्या उशाशी आलेली आहे. तुझ्या घरात तिचा मान सगळ्यांत आधी तुझा आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण ही हदीस कधी कधी सुनांच्या तोंडावर फेकली जाते. ‘फातिमांनाही नोकर मिळाला नाही, मग तू कशाला कुरकुरतेस?’ असा अर्थ काढणाऱ्याला विचार, नबी घरात काय करत? हेच कुणी हजरत आयेशांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, घरच्यांच्या कामात हात लावत आणि नमाजची वेळ झाली की निघत. हेही बुखारीतच आहे. तेव्हा ईशानंतर, रात्रीच्या नमाजनंतर, दहा मिनिटं बाळ मिस्टरांच्या खांद्यावर गेलं तर ती सुन्नतच, नबींचीच रीत झाली. हे माझ्या नावाने त्यांना वाचून दाखव.

आता भटकणाऱ्या मनाचं. मिस्टरांचं म्हणणं अगदी टाकाऊ नाही. मन हजर असावं हे खरंच. चूक आहे ती त्यांनी त्यातून काढलेल्या निष्कर्षात. मन हजर नाही म्हणून जीभही बंद ठेवायची, हा सल्ला या वाटेवरच्या जाणत्यांनी दिलेला नाही. इजिप्तमधले मोठे सूफी आलिम इब्न अताउल्लाह, १३०९ मध्ये वारले, त्यांनी याचं फार नेमकं उत्तर दिलं आहे. त्यांचा आशय असा : जिक्र करताना मन अल्लाहपाशी नाही म्हणून जिक्र सोडू नकोस. जिक्रमध्ये गाफील असण्यापेक्षा जिक्रलाच विसरून जाणं जास्त वाईट. आज गाफील जिक्र करतोस, उद्या तोच तुला जाग्या जिक्रकडे नेईल. त्यांच्याही दोनशे वर्षं आधी इमाम गजालींनी असाच क्रम मांडला : आधी जीभ, मग मनाला ओढून आणणं, मग मनाचं तिथे आपसूक रमणं. तू पहिल्या पायरीवर आहेस. तिलाही जिक्रच म्हणतात.

करायचं कसं ते सांगते. पहिली गोष्ट, पुन्हा पहिल्यापासून सुरू करणं आजपासून बंद. गणती चुकली तर जो आकडा नक्की आठवतो तिथून पुढे चल. दोन जास्त झाले तर झाले. पुन्हा पुन्हा मागे फिरल्यानेच तुझी चिडचिड होतेय आणि चिडून उठलेलं माणूस दुसऱ्या दिवशी बसायचंच टाळतं.

दुसरं, मण्यांची माळ आणि मिस्टरांच्या मोबाइलमधलं काउंटर काही दिवस बाजूला ठेव. त्यांत काही वावगं नाही, पण तुझा एक हात बाळाने अडवलेला असतो आणि मोबाइल हातात आला की बाकीचं जगही हातात येतं. बोटांवर मोज. नबींनी बायकांना हेच सांगितलं होतं की बोटांच्या टोकांवर मोजा, त्यांनाही एक दिवस विचारलं जाणार आहे आणि ती बोलणार आहेत. बाळाला डाव्या खांद्यावर घे. उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या तळच्या पेरावर टेकव, मग मधलं पेर, मग टोक. करंगळी, अनामिका, मधलं, तर्जनी, अशी चार बोटांची बारा पेरं झाली. मग तर्जनीचं टोक अंगठ्यावर तीनदा टेकव. एका फेरीत १५. दोन फेऱ्या ३०, वर करंगळीची तीन पेरं, झाले ३३. आठवडाभरात अंगठा स्वतःच चालायला लागतो आणि गणतीकडे लक्ष द्यावं लागत नाही. ते लक्ष अर्थाकडे वळव.

अर्थ तुला माहीत आहेत, पण ते हवेत ठेवू नकोस. सुभानल्लाह म्हणताना, अल्लाह प्रत्येक उणिवेपासून दूर आहे, हे बाळाच्या इवल्या नखांकडे बघत म्हण. अल्हम्दुलिल्लाहला त्या दिवशीची एखादी खरी गोष्ट धर : आज ताप उतरला, आज साड्यांचे पैसे वेळेवर आले, आज आईचा फोन आला. अल्लाहु अकबरला ज्याची धास्ती वाटते ते मनासमोर आण आणि त्याहून तो मोठा आहे असं म्हण. तेहतीसच्या तेहतीस वेळा हे जमणार नाही. प्रत्येक फेरीत तीन-चारदा जमलं तरी मन फिरून फिरून परत येतंय, एवढं पुरे.

मशीनवर बसूनही म्हणता येईल का, असं तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात ते असणार. येईल, अगदी येईल. कुराणात सूरह आले इम्रानमध्ये (३:१९१) उभ्याने, बसून आणि कुशीवर पडून अल्लाहला आठवणाऱ्यांचं कौतुक आहे. सूरह जुमुआत (६२:१०) तर सांगितलंय की नमाज झाली की जमिनीवर पांगा, अल्लाहने दिलेली रोजी शोधा आणि त्याला खूप आठवा. मंगळ बाजारातल्या दुकानदाराला हा हुकूम आहे तसाच घरी पिको करणाऱ्या बाईलाही. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसल्या की ओवी आपसूक यायची, मुसलमान घरांतही मराठी ओव्या होत्याच. हात कामात आणि मुखी नाव, हे मराठी बाईला नव्याने शिकवावं लागत नाही. सरळ शिलाईला सुभानल्लाह चालू दे. कोपऱ्यावर, जिथे नजर लागते, तिथे थांब. सुई बोटात जाईल असं जिक्र कुणी मागितलेलं नाही.

संख्येकडे येते. सासूबाई हजारांनी पढतात, अल्लाह कबूल करो. त्यांचा वेळ त्यांच्या हातात आहे, मुलं मोठी झालीत, त्यांना यात गोडी आहे. त्यांना कमी लेखू नकोस. पण उम्मुल मोमिनीन, म्हणजे नबींच्या पत्नी, हजरत जुवैरियांची हदीस त्यांनाही आवडेल, एकदा त्यांच्यापाशी बसून सांग. फजरनंतर, पहाटेच्या नमाजनंतर, नबी घरून निघाले तेव्हा त्या नमाजच्या जागी बसून जिक्र करत होत्या. ऊन वर आल्यावर परत आले, तरी त्या तिथेच. नबी म्हणाले, तुझ्याकडून गेल्यावर मी चार शब्द तीनदा म्हटले. तू आज जे काही पढलीस त्याच्याशी ते तोलले तर भारी ठरतील. अल्लाहची पवित्रता आणि स्तुती, त्याच्या निर्मितीच्या संख्येइतकी, त्याच्या प्रसन्नतेइतकी, त्याच्या अर्शच्या (सिंहासनाच्या) वजनाइतकी, त्याच्या शब्दांच्या शाईइतकी. सहीह मुस्लिममध्ये आहे. जुवैरिया इतका वेळ बसल्या म्हणून ते रागावले नाहीत. फक्त मोजमाप कुठल्या कुठे नेऊन ठेवलं. शाईचा हिशेब कोण मांडणार? सासूबाईंनी आकडा विचारला की हसून सांग, ‘अम्मी, नमाजनंतरचं झालं, निजतानाचं बाकी आहे.’ आकडा सांगायची तुझ्यावर सक्ती नाही.

तुझ्या दिवसापुरतं बांधून घे : प्रत्येक फर्ज (सक्तीच्या) नमाजनंतर ३३, ३३, ३३ आणि शंभरावं ‘ला इलाहा इल्लल्लाहु वहदहू’ शेवटपर्यंत. ते जड गेलं तर सध्या एकाच नमाजनंतर. आणि निजताना फातिमांची तसबीह. अल्लाहला सर्वांत आवडतं ते नेमाने केलेलं काम, थोडं का असेना, हे हजरत आयेशांच्याच रिवायतीत आहे. मधल्या वेळी जीभ रिकामी असेल तर ‘सुभानल्लाहि व बिहम्दिही, सुभानल्लाहिल अजीम’. जिभेला हलकं, तराजूत जड, रहमानला प्रिय, असं ज्याचं वर्णन आहे ते हे. इमाम बुखारींनी आपला संग्रह याच हदीसवर संपवलाय.

आता बिया. पांढरी चादर, मधोमध खजुराच्या बियांचा ढीग, भोवती बायका, एकेक बी उचलून पलीकडे ठेवायची. हे दृश्य आपल्या घराघरात आहे. आयत-ए-करीमा म्हणजे हजरत यूनुस यांनी माशाच्या पोटात केलेली हाक, कुराणातली (२१:८७) : तुझ्याशिवाय कुणी उपास्य नाही, तू पवित्र आहेस, मीच चुकलो. तिची थोरवी मोठी आहे. सवा लाखाचा आकडा मात्र कुराणात नाही, ती आपल्याकडे चालत आलेली रीत आहे. तेव्हा खत्म ‘अपुरा’ राहिला आणि त्याचं काही वाईट होईल, ही भीती मनातून काढ. राहिलं ते एवढंच की न पढता पढल्यासारखं दाखवलंस. ते लहान असलं तरी खोटं होतं, तुला ते टोचलं हे बरंच झालं. अस्तगफिरुल्लाह, ‘अल्लाह, माफ कर’, म्हण, मनापासून, आणि हवं तर तेवढ्या वेळा ती आयत पढून टाक. सासूबाईंना जाऊन कबुली द्यायची गरज नाही. हे तुझ्या आणि तुझ्या रबमधलं आहे. आणि गंमत नाही, खरंच सांगते, ज्या आयतीच्या बिया तू सरकवल्यास तिच्यातच ‘मीच चुकलो’ हे शब्द आहेत. पुढच्या खत्मला आधीच सांगून ठेव, ‘अम्मी, माझ्या वाट्याला शंभर द्या, मग बाळाकडे बघते.’

चाळीस दिवसांचं कुणी सांगितलं ते अर्धवट सांगितलं. बाळंतपणाच्या आणि पाळीच्या दिवसांत नमाज माफ आहे, रोजे नंतर ठेवायचे असतात. कुराण पढण्याबाबत इमामांमध्ये मतभेद आहेत, ते तुझ्या घरच्या मसलकप्रमाणे (पंथाप्रमाणे) एखाद्या आलिमाला विचारून घे. पण जिक्र, तसबीह, दुरूद, दुआ यांना त्या दिवसांत कसलीही आडकाठी नाही. वजूचीही (नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्याचीही) अट नाही. हजरत आयेशा सांगतात की नबी सर्व वेळी अल्लाहचं स्मरण करत. माळेला हात लावल्याने ती बाटत नाही. उलट नमाज नसते त्या दिवसांत नमाजच्या वेळी पाच मिनिटं बसून तसबीह घेतलीस तर सवय मोडणार नाही.

मोठ्याने की मनात, यावर घरात भांडू नका. सूफींमध्ये चिश्ती आणि कादरी परंपरांच्या खानकाहांत (मठांत) आवाजी जिक्र चालतं, नक्शबंदी मनातल्या मनात करतात, आणि दोन्हीकडे मोठमोठे बुजुर्ग झाले. आपल्या वडोदऱ्याचंच बघ. इथल्या राजाश्रयात नावाजलेले गायक मौला बख्श, १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आधाराने त्यांनी इथे संगीतशाळा काढली. त्यांचे नातू इनायत खान १८८२ मध्ये याच शहरात जन्मले, चिश्ती परंपरेत दीक्षित झाले आणि १९१० मध्ये परदेशी गेले, तिथे सूर आणि जिक्र दोन्ही शिकवत राहिले. दुसऱ्या बाजूला कुराणच सांगतं (७:२०५), आपल्या रबला मनात आठव, नम्रपणे, भीतीने, आवाज न चढवता, सकाळ-संध्याकाळ. एका प्रवासात सोबती मोठमोठ्याने तकबीर, म्हणजे अल्लाहु अकबर, म्हणू लागले तेव्हा नबी म्हणाले, स्वतःवर दया करा, तुम्ही कुणा बहिऱ्याला किंवा दूर असलेल्याला हाक मारत नाही आहात. तुझ्या घरात तान्हं बाळ आहे. त्याची झोप मोडेल इतका आवाज नको, एवढ्यावर दोघांना राजी कर.

काकूंचं बोलणं प्रेमाचं आहे, ते प्रेमानेच घे. नाव घेत राहावं, तोंडाने घेता घेता ते आत उतरावं, संसार करत करत घ्यावं, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि तुलाही. म्हणून तर दोघी एकमेकींच्या माळेचा मान राखता. पण ‘तेच हे’ म्हणायची मला घाई नाही. आपलं जिक्र ज्याचं आहे तो एकच, त्याचं रूप नाही, मूर्ती नाही, आणि शब्दही बहुतेक कुराण-हदीसनेच शिकवलेले. फरक सांगितल्याने स्नेह तुटत नाही. काकूंना चहाला बोलाव आणि विचारतील तेवढं सांग.

मराठीत बोललीस तर? बोल ना. नमाजमधलं आणि शिकवलेलं जिक्र अरबीत ठेव, अर्थ समजून. बाकी नमाजबाहेर हात उचलून मन मोकळं करायला मराठीसारखी भाषा नाही. ज्या भाषेत तू आईला हाक मारतेस त्या भाषेत अल्लाहला सांग की मी थकलेय. त्याला दुभाषी लागत नाही.

आणि आता ते रडू. याच्यावर मी सगळ्यांत जास्त वेळ विचार केला. ‘अल्लाहच्या स्मरणानेच अंतःकरणांना शांती मिळते’ (१३:२८) ही आयत खरी आहे, माझा त्यावर पुरा भरवसा आहे. पण त्याच कुराणात हजरत याकूब मुलाच्या दुःखाने रडून रडून डोळे पांढरे होईपर्यंत रडले. ते पैगंबर होते. त्यांनी जिक्र सोडलं नव्हतं. म्हणाले, माझं दुःख आणि माझी व्यथा मी अल्लाहपाशीच मांडतो. रडू येणं ही ईमानची कमतरता असती तर त्यांच्याबद्दल असं लिहिलं गेलं नसतं.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस जीव हळवा होतो, तो सहसा दोन आठवड्यांत ओसरतो. तुझे पाच महिने झाले. इतके दिवस विनाकारण रडू येत असेल, बाळ झोपलं तरी तुला झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर हा बाळंतपणानंतर येणारा आजार असू शकतो. तो बऱ्याच जणींना होतो आणि उपचाराने बरा होतो. तुझ्या बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे याच आठवड्यात जा, नाहीतर सयाजी हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात दाखव. बाळाला पाजतेस हे तिथे आधी सांग, म्हणजे औषध त्या बेताने देतील. घराबाहेर पडणं जमत नसेल तर सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार एकदा जरी मनात आला तर आठवड्याची वाट पाहू नकोस, त्याच क्षणी मिस्टरांना उठव आणि दवाखाना गाठ. हे अल्लाहवरचा भरवसा कमी असल्याचं लक्षण नाही. उपचार करा, असं नबींनीच सांगितलंय.

मिस्टरांना सोबत घेऊन जा. रिक्षात बसल्यावर बोटांवर तसबीह सुरू कर. गणती चुकली तर चुकू दे. डॉक्टर काय म्हणाल्या ते मला दोन ओळींत कळव.